जंगलात पडलेलं सांबराचं शिंग घरी आणलं तर चालतं का?

नाही, आणू नका. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलातल्या, एका नाल्यात तुम्हाला सांबराचं शिंग दिसलं. जनावर कुणी मारलेलं नाही, शिंग आपोआप गळालंय, मग घरात लावायला काय हरकत, असं तुम्ही विचारलंय. अमेरिकेत लोक एल्क या मोठ्या हरणाची गळालेली शिंगं वेचतात, हेही खरं. वायोमिंगमधल्या जॅक्सन गावी दर मे महिन्यात त्यांचा लिलाव होतो. पण आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्यात शिंगाचा स्पष्ट उल्लेख आहे आणि ते सरकारी मालमत्ता ठरतं. हाती आलंच तर ४८ तासांत पोलिसांना किंवा वनखात्याला कळवावं लागतं.

आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरी आजी सांबरशिंग सहाणेवर उगाळून छातीला लेप लावायची, त्यामुळे तुमचं मन मला कळतं. पण ही बंदी उगाच नाही. विकत घेणारा असला की गळालेल्या शिंगांच्या ढिगात मारलेल्या जनावराचंही शिंग येऊन पडतं.

तेही ओळखता येतं म्हणा. उमरेडकडच्या जंगलात एकदा वनरक्षकानं पायवाटेवरचं सांबरशिंग काठीनं उलटवून दाखवलं होतं. गळालेल्या शिंगाच्या बुडाशी मण्यांसारखी खडबडीत कड असते आणि खालचा भाग खरखरीत, किंचित फुगीर. तिथे कवटीचा तुकडा चिकटलेला असेल किंवा करवतीनं कापल्यासारखं सपाट दिसलं, तर ते गळालेलं नव्हे.

सांबर, चितळ, भेकर यांची शिंगं म्हणजे हाडच, आणि ती फक्त नराला. वाढत असताना त्यांच्यावर मखमलीसारखी कातडी असते, तिच्यातून रक्त खेळतं. वाढ पुरी झाली की ती सुकते आणि नर झाडाला घासून काढून टाकतो. पुढे शिंगही गळतं, नवं उगवतं. रोही (नीलगाय), काळवीट, चौसिंगा यांचं तसं नाही. त्यांची शिंगं हाडाच्या गाभ्यावरची पोकळ खोळ असते आणि जन्मभर टिकते. कुणी ‘रोह्याचं गळालेलं शिंग’ म्हणून दाखवलं, तर ते बहुधा मेलेल्या जनावराचं असणार.

आणि ज्याला आपण पडीक समजतो ते जंगलाला लागतं. उमरेडकडच्या त्या शिंगाच्या एका टोकावर बारीक चऱ्या होत्या, शेजारी शेजारी, पटाशीनं कोरल्यासारख्या. सायाळीचे दात. कॅल्शियम, फॉस्फरससाठी ती शिंगं कुरतडते, बिळातही ओढून नेते. हरणंसुद्धा हाडं, शिंगं चघळताना दिसतात. मला तर ते कुरतडलेलं टोकच सगळ्यात सुंदर वाटलं.

तेव्हा शिंगाला हात न लावता फोटो काढा, बुडाचा एक जवळून घ्या. कवटीचा तुकडा किंवा कापल्याची खूण दिसली तर जागा नीट लक्षात ठेवून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच फोन करा.