जपानच्या सहलीसाठी एफडी मोडू की कर्ज काढू?

प्रश्न (नाशिकहून): आम्ही दोघं आणि 9 वर्षांची मुलगी 10 मेपासून आठ रात्री जपानला जातोय. टोकियो चार, क्योटो तीन, शेवटची रात्र पुन्हा टोकियो. विमानाची तिकिटं झाली आहेत, बाकी साडेतीन लाख लागतील. 5 लाखांची दोन वर्षांची एफडी (7 टक्के) सप्टेंबरमध्ये पूर्ण होते. ती मोडावी, की 14 टक्क्यांचं 24 महिन्यांचं पर्सनल लोन घ्यावं? एजंट म्हणतो, सात दिवसांचा रेल्वे पास आत्ताच घ्या. आकस्मिक खर्चाचे पैसे वेगळे ठेवलेले आहेत.

उत्तर: दोन्ही नको, आणि पासही नको.

पर्सनल लोनचा हप्ता सुमारे 16,800 रुपये बसेल. दोन वर्षांत 53,000 च्या वर नुसतं व्याज जाईल, प्रोसेसिंग फी वेगळी. एफडी मोडलीत तर बँक पूर्ण झालेल्या मुदतीचा दर लावते आणि त्यातून बहुधा अर्धा ते एक टक्का दंड कापते. वीस महिन्यांवर एक टक्का धरला, तर साडेतीन लाखांमागे 5,800 रुपये गेले. त्यापेक्षा त्याच एफडीवर कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट मागा. दर साधारण एफडीपेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो. दीड टक्का धरला तर चार महिन्यांचा निव्वळ बोजा 1,750 रुपयांच्या आसपास येतो आणि सप्टेंबरमध्ये एफडीतूनच कर्ज फिटतं. आकस्मिक निधी वेगळा नसता, तर मी सहलच पुढे ढकलायला सांगितलं असतं.

आता पास. ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांच्या जपान रेल पासची किंमत 29,650 येनवरून थेट 50,000 वर गेली. "पास घ्याच" हा सल्ला त्याआधीचा आहे, अजून तोच फिरतोय. टोकियो-क्योटो 'नोझोमी' बुलेट ट्रेनचं आरक्षित तिकीट सुमारे 14,000 येन, म्हणजे जाऊन-येऊन 28,000. मुलीला अर्धं भाडं, त्यामुळे हिशेब अडीच माणसांचा: पास 1,25,000 येन, सुटी तिकिटं 70,000. येन 60 पैशांना धरला तर 33,000 रुपयांचा फरक. शिवाय सर्वांत वेगवान नोझोमीला पासवर वेगळे पैसे भरावे लागतात. क्योटोहून ओसाका बघायचं तर लोकल भाडं सहाशे येनच्या आत आहे. हिरोशिमालाही जाऊन येणार असाल तरच पास जवळपास बरोबरीला येतो.

तिकिटं काढताना बॅगा मोजा. लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटीमीटरच्या वर गेली तर सामानाच्या जागेसकट सीट आरक्षित करायची. त्याचे जादा पैसे नाहीत, पण न करता चढलात तर 1,000 येन दंड. फुजी पर्वत डी-ई सीटच्या बाजूला दिसतो, तिघांना सलग बसायचं तर ए-बी-सी. दोन्ही साधत नाही.

पैसे नेताना फॉरेक्स कार्डात (परकीय चलनाचं प्रीपेड कार्ड) येनच भरा. डॉलर भरून येन खर्च केलेत तर पुन्हा रूपांतराचा आकार लागतो. दर विचारू नका, "1,00,000 येनचे सगळं धरून किती रुपये?" असं तीन ठिकाणी विचारा. बऱ्याच क्रेडिट कार्डांना परदेशी खर्चावर 3.5 टक्के मार्कअप (जादा आकार) आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणजे 4.13 टक्के: दीड लाखाच्या हॉटेल बिलावर सुमारे 6,200 रुपये. क्रेडिट कार्ड अडीअडचणीपुरतं ठेवा. दुकानातलं यंत्र "रुपयांत की येनमध्ये?" विचारेल, तेव्हा येन. रुपये निवडलेत की दर त्यांचा.

रोख 30-40 हजार येन हवेच. छोटी खानावळ, देवळाचं तिकीट, सुइका कार्डाचं (लोकल-बसचं प्रीपेड कार्ड) रिचार्ज बहुतेक रोखीवरच चालतं. सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएमवर आपली कार्डं चालतात. प्रत्येक वेळी शुल्क पडतं, म्हणून थोडे थोडे काढत बसू नका.

एजंटकडून हॉटेल आणि रेल्वे एकत्र घेतलंत तर ते पॅकेज ठरतं आणि पहिल्या रुपयापासून टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ घेतलेला आयकर) कापला जातो. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. स्वतः फॉरेक्स कार्ड भरलंत तर वर्षाला माणशी 10 लाखांपर्यंत टीसीएस नाही.

कार्डात एकदम सगळे भरू नका. दोन लाखांचे येन आधी, बाकी लागतील तसे ॲपवरून. उरलेले परत करताना बँक खरेदीचा दर देते, तिथे पुन्हा कात्री लागते.