कंपनीची वर्षअखेरची पार्टी रिसॉर्टवर आहे. ग्रुप मेडिक्लेम पुरेल का?

नाही पुरणार. बाणेरची साठ जणांची कंपनी, मुळशीकडचं रिसॉर्ट, घरचेही येणार, ड्रिंक्स आहेत आणि हातात फक्त ग्रुप मेडिक्लेम, असं तुम्ही लिहिलंय. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरतो. कंपनीवर भरपाईचा दावा आला तर त्याचा काही उपयोग नाही.

पॉलिसी शोधण्याआधी येणाऱ्यांची यादी काढा आणि प्रत्येक नावापुढे त्याला कोणती पॉलिसी लागू होते ते लिहा. पगारावरच्या माणसांसाठी ग्रुप पर्सनल अ‍ॅक्सिडेंट (जीपीए), म्हणजे अपघाती मृत्यू किंवा अपंगत्वाला ठरलेली रक्कम देणारी पॉलिसी, आणि कर्मचारी नुकसानभरपाईची पॉलिसी लागते. दुसरीला सगळे अजून जुन्या 'वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन' नावावरून डब्ल्यूसीच म्हणतात. पार्टी कंपनीची, बस कंपनीची, मग अपघात कामाच्या ओघातच झाला असा युक्तिवाद होणारच. डब्ल्यूसीवर कामाची ठिकाणं लिहिलेली असतात, त्यात रिसॉर्ट कुठून असणार? रिसॉर्टवरचा अपघातही धरला जाईल, असं ब्रोकरकडून ईमेलवर लेखी घ्या. फोनवरचं 'होऊन जाईल सर' क्लेमच्या वेळी कुणी ऐकत नाही. इंटर्न, नवे जॉइन झालेले आणि कंत्राटावरची हाउसकीपिंग-सिक्युरिटीची माणसं जीपीएच्या यादीतून हमखास सुटतात.

बायका-मुलं आणि पाहुणे थर्ड पार्टीत, म्हणजे बाहेरच्या माणसांत येतात. त्यांनी कंपनीकडे भरपाई मागितली तर ती देणारी पब्लिक लायबिलिटी किंवा सीजीएल (कमर्शियल जनरल लायबिलिटी) घ्यायची. ही पॉलिसी सहसा स्वतःच्या कर्मचाऱ्यांना धरत नाही, म्हणून एकीवर भागत नाही. 1991 च्या कायद्याखालची पब्लिक लायबिलिटी घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी आहे, ती कुणी गळ्यात मारू नये. तुम्हाला नॉन-इंडस्ट्रियल, म्हणजे कारखाने सोडून इतरांसाठीची हवी. त्यात एका अपघाताची मर्यादा आणि वर्षाची मर्यादा वेगवेगळी असते, दोन्ही वाचा.

खरी गोची दारूची. नशेत झालेला अपघात जीपीएत बहुधा वगळलेला असतो. कॅज्युअल्टीत डॉक्टर केसपेपरवर 'तोंडाला दारूचा वास' एवढं लिहितात आणि क्लेम तिथेच अडकतो. नुकसानभरपाईच्या कायद्यात मात्र, मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर 'तो प्यायला होता' हा बचाव मालकाला मिळत नाही. म्हणजे जीपीएवाले हात वर करू शकतात, तुम्ही नाही. त्यामुळे मी तरी खुला बार ठेवू देणार नाही: माणशी दोन कूपन, आधी जेवण, बस सुटायच्या तासभर आधी बार बंद. महाराष्ट्रात बिअर-वाइनला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात, आणि तुमच्या टीममध्ये तेविशीतले बरेच असतील. रिसॉर्टला बारचा परवाना नसेल तर राज्य उत्पादन शुल्काचा एक दिवसाचा परवाना काढा. गोव्याहून आणलेल्या बाटल्या अजिबात नकोत.

जाण्या-येण्याला पिवळ्या नंबरप्लेटची, परवाना आणि फिटनेस चालू असलेली बस घ्या. ओळखीच्याची पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने नेली तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कामानिमित्त गेलेली जागा आणि मालकाने दिलेलं वाहनही कामाचं ठिकाणच, त्यामुळे अंतर्गत समितीतल्या सदस्यांचे नंबर आधी सगळ्यांना पाठवा.

रिसॉर्टच्या करारात 'कोणत्याही अपघातास व्यवस्थापन जबाबदार नाही' हे कलम असतंच. ते काढायला सांगा. नाहीच काढलं तर त्यांच्या लायबिलिटी पॉलिसीची प्रत घ्या आणि तिच्या तारखा तपासा. पोहण्याच्या तलावाला जीवरक्षक आहे का, विचारा, आणि अंधार पडला की तलाव बंद. झिपलाइन असेल तर चालवणाऱ्याची पर्यटन संचालनालयाकडची नोंदणी पाहा. 'स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे' अशी सह्यांची पत्रकं सगळे घेतात, पण निष्काळजीपणा सिद्ध झाला तर त्यांचा आधार फारच तोकडा.

तरी काही झालंच तर विमा कंपनीला त्याच रात्री ईमेल टाका, जागेचे फोटो काढा, हॉस्पिटलात एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद) नोंदवायला लावा. आणि भरपाईचं तोंडी आश्वासन कुणालाही देऊ नका. विमा कंपनीच्या संमतीशिवाय कबूल केलेली रक्कम ती सहसा देत नाही.