बँकेनं न कळवता खातं बंद केलं? आधी कारण लेखी काढा, मग धावपळ करा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मिरजेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान, काउंटरवरचा क्यूआर तुमच्या बचत खात्याला जोडलेला, शनिवारपासून यूपीआय चालत नाही, एटीएममधून पैसे निघत नाहीत. शाखेत गेलात तर 'वरून बंद झालंय, आमच्या हातात काही नाही' एवढंच ऐकायला मिळालं. पाच तारखेला गाडीचा हप्ता आहे आणि माल देणाऱ्याकडे तुमचा एक चेक आहे. मी बँकेतून निवृत्त झालोय, त्यामुळे ते 'वरून' काय असतं याची थोडीफार कल्पना आहे.

खातं खरंच बंद झालंय का, हे आधी घरबसल्या तपासा. मित्राला तुमच्या खात्यात एक रुपया टाकायला सांगा. एकच, जास्त नको. रुपया जमा झाला पण बाहेर काहीच जात नाही, तर तो डेबिट फ्रीझ. रुपयाही परत गेला, तर खातं पूर्ण गोठवलंय किंवा खरोखर बंद केलंय. शिल्लक दिसते, पण काढता येणारी रक्कम तिच्यापेक्षा कमी दिसते, तर तेवढ्याच रकमेवर 'लीन', म्हणजे अडवणूक, लावलंय. काउंटरवरचा माणूस या तिन्हींना 'बंद' म्हणतो, आणि तिन्हींतून बाहेर पडायचे रस्ते मात्र वेगळे आहेत.

आता शाखेत पुन्हा जा, पण तोंडी वाद घालायला नको. साध्या कागदावर अर्ज लिहा: खातं कोणत्या तारखेपासून अडवलं, कोणाच्या आदेशावरून किंवा बँकेच्या कोणत्या नियमाखाली, आणि त्या आदेशाचा संदर्भ क्रमांक काय. दोन प्रती न्या, एक इनवर्डला द्या, दुसरीवर सही, शिक्का आणि तारीख घ्या. पोच द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तोच मजकूर नोंदणीकृत ईमेलवरून शाखेला आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा. त्याचं नाव-पत्ता बँकेच्या संकेतस्थळावर असतोच. पुढचं सगळं त्या तारखेपासून मोजलं जातं, म्हणून हा कागद आजच द्या.

कारण केवायसीचं निघालं तर तुम्ही नशीबवान. कमी जोखमीच्या ग्राहकाची केवायसी दहा वर्षांनी, मध्यम जोखमीच्याची आठ आणि जास्त जोखमीच्याची दोन वर्षांनी नव्यानं करायची असते. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं असं बजावलं की मुदतीआधी किमान तीन सूचना आणि मुदत टळल्यावर किमान तीन स्मरणपत्रं द्यायची, आणि दोन्ही वेळा त्यातलं निदान एक पत्रानं. त्यामुळे 'आम्ही एसएमएस केला होता' हे उत्तर अपुरं आहे, पत्र कुठे पाठवलं ते विचारा. अर्थात पत्ता जुना असेल तर पत्र जुन्याच घरी गेलं असणार, हेही खरं. काहीच बदल नसेल तर नुसत्या स्वयंघोषणेवर काम भागतं, आणि केवायसी त्याच बँकेच्या कोणत्याही शाखेत करता येते.

दोन वर्षं तुम्ही स्वतः काही व्यवहार केला नाही म्हणून खातं निष्क्रिय होतं, ते तुमच्या बाबतीत संभवत नाही. वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो: १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे असं खातं पुन्हा सुरू करायला बँक पैसे घेऊ शकत नाही आणि निष्क्रिय काळात किमान शिल्लक नाही म्हणून दंडही लावू शकत नाही. दहा वर्षं पडून राहिलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, तीही बुडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर शोधा आणि बँकेतूनच परत मागा.

दुकानदारांच्या बाबतीत मला पहिला संशय येतो तो सायबर तक्रारीचा. कुठल्या तरी राज्यात कुणी फसलं, त्यानं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले त्या साखळीतल्या प्रत्येक बँकेला संदेश गेला. चोरानं त्यातल्याच पैशानं तुमच्याकडून मोबाइल किंवा स्क्रीन घेतली असेल, तर तुम्हीही साखळीत. पोलिसांना हा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ नं होता, जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. बँक खातं ही जप्त करता येणारी मालमत्ताच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्येच सांगितलंय, तेही महाराष्ट्र सरकारच्याच एका खटल्यात. तेव्हा 'माझं खातं असं कसं गोठवलं' यावर व्यवस्थापकाशी भांडण्यात वेळ जाईल, हाती काही लागणार नाही.

त्याच्याकडून हवं ते एवढंच: तक्रारीचा पोच क्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव, त्यांचा ईमेल आणि वादातली रक्कम. मग त्या ठाण्याला लेखी कळवा की अमुक तारखेला आलेली रक्कम विक्रीची आहे. सोबत बिल, मोबाइलचा आयएमईआय क्रमांक, गिऱ्हाइकाशी झालेलं चॅट, दुकानाचा परवाना, त्या दिवसाचं स्टेटमेंट जोडा. प्रत आपल्या जिल्ह्याच्या सायबर पोलिसांनाही द्या. वाद दोन हजारांचा आणि अडकलेत दोन लाख, असं असेल तर वादातल्या रकमेपुरतंच लीन ठेवून बाकी खातं मोकळं करा, अशी स्पष्ट मागणी करा. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये अशा अनेक याचिकांवर नेमका असाच आदेश दिला होता. पोलीस उत्तरच देत नसतील, तर वकिलामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे किंवा उच्च न्यायालयात जावं लागतं. 'वीस टक्के द्या, खातं उघडून देतो' असा फोन आला तर तो ठेवून द्या, मग समोरचा स्वतःला इन्स्पेक्टर म्हणवो नाहीतर वकील. क्रिप्टो पी टू पीनं, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला, विकून पैसे घेतले असतील, तर मात्र एकट्यानं पत्रं लिहू नका, आधी वकील गाठा.

चौथी शक्यता, बँकेनं स्वतःहून निर्णय घेतला. बचत खात्यात दिवसाला पन्नास-साठ क्यूआर जमा दिसल्या की यंत्रणा ते धंद्याचं खातं समजते, आणि समज चुकीचीही नसते. तुम्ही चालू खातं उघडायला हवं होतं, हे रागावून नाही, पुढच्यासाठी सांगतोय. अशा वेळी शाखा गप्प राहते, त्यालाही कारण असतं. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल वर गेला असेल तर ते ग्राहकाला सांगायला मनी लाँडरिंगविरोधी नियमांनी बंदी आहे. समोरचा क्लार्क टाळतोय असं वाटतं, पण कित्येकदा त्याला स्वतःलाही काही माहीत नसतं. तरीही खातं कायमचं बंद करायचं तर खातं उघडतानाच्या अटींत सूचनेबद्दल बहुधा काहीतरी लिहिलेलं असतं. ती अटींची पुस्तिका मागून घ्या आणि त्यातलं कलम तक्रारीत उतरवा. शिल्लक रक्कम तुमचीच राहते, पे ऑर्डरनं किंवा दुसऱ्या खात्यात मागा. त्याच बँकेचं कार्ड किंवा कर्ज थकलं असेल तर ते वळतं करून घेतलं जाण्याची शक्यता धरा.

बँकेकडून तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल आहेत. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार फुकट होते, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८. मात्र पोलिसांच्या किंवा करखात्याच्या आदेशावरून बँकेनं केलेली कारवाई लोकपालांच्या कक्षेत येत नाही. ती तक्रार दारातूनच परत येते आणि लोक महिनाभर वाट पाहून पुन्हा पहिल्या पायरीवर. कारण लेखी घ्या असा घोशा मी सुरुवातीपासून लावतोय तो यासाठीच. जीएसटीची चौकशी किंवा थकबाकी असेल तर तोही आदेश असू शकतो. कलम ८३ खालची तात्पुरती जप्ती एक वर्षापर्यंत टिकते, तिथे गाठायचा तो जीएसटी अधिकारी.

हे सगळं चालेल तेव्हा चालेल. या आठवड्यात दुसऱ्या बँकेत खातं उघडा, दुकानातला क्यूआर बदला. गाडीच्या कर्जवाल्यांना आजच ईमेल करा आणि हप्ता त्यांच्या लिंकवरून किंवा शाखेत भरा, नाहीतर हप्ता परत गेल्याचा दंड आणि सिबिलवरचा डाग दोन्ही तुमच्या माथी. माल देणाऱ्याला चेक भरू नका म्हणून सांगा आणि पैसे दुसऱ्या मार्गानं द्या. 'खातं बंद' या शेऱ्यानं परत आलेला चेकही कलम १३८ मध्ये, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्यात, येऊ शकतो, आणि त्याची नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला पंधराच दिवस असतात.

घरात कुणाचे लाडक्या बहिणीचे पैसे याच बँकेत येत असतील तर त्यांचं आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते बघा. शासनाचा हप्ता शेवटी जोडलेल्या खात्यातच जातो, आणि नवं खातं उघडलं म्हणजे आधार आपोआप तिकडे वळत नाही, त्यासाठी नव्या बँकेत वेगळा फॉर्म द्यावा लागतो. प्राप्तिकराचा परतावा आणि पीएफ यांचीही खाती आपापल्या पोर्टलवर बदलून घ्या.

एक रुपयाच्या चाचणीत काय निघालं ते इथे लिहा. शाखेचं लेखी उत्तर आलं तर खाते क्रमांक झाकून त्याचा फोटो टाका, म्हणजे पुढचा अर्ज कोणाच्या नावे करायचा ते सांगता येईल.