मावशी, पोरगा मला पाहुणा समजतो

पत्र चिंचवडहून आलंय पण माणूस आपला सोलापूरचाच, साखर पेठेतला. मुलगा पुढच्या महिन्यात वर्षाचा होतोय, बायको, आई आणि बाळ इथं, हा नोकरीला तिकडं, शुक्रवारी हुतात्मा एक्सप्रेसनं येतो आणि रविवारी रात्रीच्या बसनं परत. लिहितो, "मावशी, मोबाईलमध्ये पोराचे अडीच हजार फोटो आहेत पण उचललं की रडतो. पालथा पडला ते व्हिडिओत बघितलं, बोरन्हाण व्हिडिओ कॉलवर. बायकोला म्हटलं वर्ष कसं गेलं कळलंच नाही, तर म्हणाली, तुला नाही कळलं. नोकरी सोडून येऊ का? वाढदिवसाला मोठा हॉल घेतोय, तेवढं तरी माझ्याकडून."

अरे बाळा, आधी रडण्याचं सांगते. सात-आठ महिन्यांनंतर बहुतेक बाळं रोजची माणसं आणि कमी दिसणारी माणसं यात फरक करायला लागतात, शेजारच्या आजीकडं सुद्धा जात नाहीत, आणि दोन वर्षांच्या आसपास हे आपोआप कमी होतं. त्यात तुझी गाडी पोचते रात्री दहाला, तो झोपलेला, आणि सकाळी डोळे उघडले की तू एकदम उचलून घेतोस, मग रडणारच की. तसं करू नकोस. खाली सतरंजीवर बस, त्याच्या आईशी बोलत रहा, त्याला बघू दे, रांगत जवळ येऊ दे, मग टॉवेलाआड तोंड लपवून बुवा-कुक खेळ. या वयात पोरं त्याला इतकी हसतात कारण दिसेनासं झालेलं माणूस परत येतं हे त्यांना नुकतंच कळलेलं असतं, आणि तुझं तर दर आठवड्याला तेच चाललंय.

आणि खरं सांगू, मोठेपणी कुणालाच आपलं पहिलं वर्ष आठवत नाही. तू नव्हतास हे त्याला आठवणार नाही. तिला आठवणार.

तुझ्या अख्ख्या पत्रात तिच्याबद्दल एकच ओळ आहे, ते मला लागलं रे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस झाले तेव्हा रात्री ताप बघत कोण बसलं, एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो तेव्हा घामोळ्यांनी किरकिरणारं पोर घेऊन कोण फिरलं, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी आणि ते पण अवेळी, तेव्हा एका हातानं भरलं कुणी. जन्मताना तीन किलोचं बाळ वर्षात नऊ किलोच्या आसपास जातं, ते वाढत गेलेलं वजन रोज तिनं कमरेवर वागवलंय. "तुला नाही कळलं" हा टोमणा नाही, ती सांगायला लागली होती आणि तू ऐकायला थांबला नाहीस.

या शुक्रवारी विचार तिला, तुझं वर्ष कसं गेलं, आणि मधे सफाई देऊ नकोस. ती जर म्हणाली की बाळ झोपलं तरी झोप येत नाही, कशात मन लागत नाही, उगाच रडू येतं, तर थकवा म्हणून सोडू नकोस. बाळंतपणानंतरचं नैराश्य वर्षभरात कधीही येऊ शकतं आणि उपचारानं बरं होतं, डॉक्टरला दाखव, सरकारची टेलिमानस हेल्पलाईन पण आहे, 14416, मोफत.

नोकरीचं आत्ता ठरवू नकोस, अपराधी वाटतंय तेव्हा घेतलेला निर्णय नंतर बायकापोरांच्या डोक्यावर बसतो. माझे वडील मिलमध्ये होते, कायम रात्रपाळी, भोंगा झाला की निघायचे, दिवसा आम्हाला झोपलेलेच दिसायचे, पण रविवारी आम्हा भावंडांच्या डोक्याला तेल त्यांनीच चोळायचं, आई हात लावायची नाही. मला वडील म्हटलं की तो तेलाचा वासच येतो. तुझं पण असं एक काम ठरव, फक्त तुझं. सोळा महिन्यांनंतर गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि बूस्टर असतो, त्याला सुट्टी काढून तू ने. बोरन्हाण पाच वर्षांपर्यंत घालतात, पुढच्या गड्ड्याला, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला, बोरं आणि चुरमुरे तूच ओत त्याच्या डोक्यावर.

हॉल कॅन्सल कर. घरच्या घरी औक्षण होऊ दे, आणि ते पैसे ठेवून आठवडाभर बिनपगारी सुट्टी टाक, त्यात अंघोळ, भरवणं, झोपवणं, रात्रीचं उठणं सगळं तुझ्याकडं, ती माहेरी जाऊ दे नाहीतर नुसती झोपू दे. आणि येण्याआधी पाणी कुठल्या दिवशी, किती वाजता येतं ते तिला फोन करून विचारून घे.