कवेलू, टिन, धाबं की स्लॅब: गावाकडचं छप्पर किती वर्षं जातं?

तुमचा प्रश्न असा, की यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात वडिलांनी बांधलेलं ४० वर्षांचं मातीच्या भिंतींचं, कवेलूचं म्हणजे कौलारू घर आहे. दर पावसाळ्यात ते गळतं. आई-वडील दोघंच तिथे राहतात आणि तुम्ही पुण्याला नोकरीत. कवेलू उतरवून टिन टाकावं की स्लॅब घालावा, आणि कोणतं छप्पर किती वर्षं जातं?

मी वर्धा जिल्ह्यात २२ वर्षांपासून घरांची कामं करतो. आधी मिस्त्रीच्या हाताखाली गिट्टी-रेती वाहिली, आता स्वतः कामं घेतो. आकडे सांगतो ते जास्त करून या भागात डोळ्यांनी पाहिलेले आहेत.

पहिले तुमच्या कवेलूचंच बोलू. घर गळतं म्हणजे छप्पर गेलं असं धरून चालू नका. नीट भाजलेलं देशी कवेलू माणसापेक्षा जास्त जगतं. माझ्या आजोबांच्या घरावरची कवेलं मी आमच्या गुरांच्या कोठ्यावर चढवली, ती अजून पाणी अडवतात. गळती होते ती कवेलू सरकल्यामुळे. नळीचं कवेलू एक उताणं, त्यावर एक पालथं, असं नुसतं ठेवलेलं असतं. त्याला ना खिळा ना चुना. वानरांची टोळी एकदा घरावरून उड्या मारत गेली की पन्नास जागची हलतात आणि दहा फुटतात. म्हणून मिरगाच्या आधी घर फेरावं लागतं, म्हणजे कवेलं काढून, फुटकी बदलून पुन्हा नीट बसवावी लागतात.

आमच्या गावात एक म्हातारबा घर फेरायला यायचे. मी लहानपणी खालून कवेलू द्यायचो. ते फाट्यावर, म्हणजे कवेलूखालच्या उतरत्या लाकडावर, पाय रोवून बसायचे, कवेलू हातात घेऊन आधी बोटाच्या पेराने ठोकायचे. टण्ण वाजलं की फडक्याने माती पुसून जागेवर ठेवायचे. आवाज बद आला की बाजूला टाकायचे, वरून कितीही साबूत दिसलं तरी. केसाएवढी तडा डोळ्याला दिसत नाही, आवाजात कळते. हे काम करणारी माणसं आता गावागावांतून कमी झाली आणि कुंभारही कवेलू थापत नाहीत. पडक्या घरांची जुनी कवेलं विकत आणून लोक भागवतात. कवेलूचं घर मोडायची वेळ आज बहुतेकांवर या कारणाने येते.

वय मोजायचं ते खालच्या लाकडाचं. सागवानाची मयाल (मुख्य आडवी तुळई) आणि फाटे ६०-७० वर्षं सहज जातात, त्याहून जुनीही मी पाहिली आहेत. आडजातीचं लाकूड २०-२५ वर्षांत वाळवीच्या तोंडी जातं. बांबूच्या कामट्या सगळ्यात आधी, ८-१० वर्षांत. त्यातही बांबू कधी तोडला याला फार महत्त्व आहे. पावसाळ्यातल्या कोवळ्या बांबूत साखर-पिष्ट भरपूर असतं, त्यावर घुण येतो आणि दोन वर्षांत कामटीखाली पिवळी पिठी पडायला लागते. हिवाळ्यात तोडलेला, तीन वर्षांच्या वरचा बांबू घेऊन दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवला, तर त्यातलं हे खाद्य निघून जातं आणि तो कितीतरी जास्त टिकतो. जुने लोक नाल्यात दगडाखाली बांबू दाबून ठेवायचे ते यासाठीच.

सेवाग्रामला कधी गेलात तर बापूकुटीचं छप्पर खालून बघा. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले. माती, लाकूड, बांबू, कवेलू याच सामानाची ती कुटी इतक्या वर्षांनी उभी आहे, कारण तिची निगा कधी थांबली नाही.

मंगलोरी कवेलू, ज्याला आपल्याकडे बरेच जण इंग्रजी कवेलू म्हणतात, ते जास्त सोयीचं. मंगलोरला बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये त्याचा कारखाना काढला आणि तिथून ते देशभर गेलं. एकमेकांत अडकायला त्याला खाच असते, त्यामुळे ते सरकत नाही आणि दरवर्षी फेरावं लागत नाही. कवेलू ६०-८० वर्षं जातं, खालच्या लाकडी पट्ट्या २५ वर्षांनी बदलाव्या लागतात. वानराच्या उडीने मात्र हेही फुटतं. घेतानाच शे-दोनशे कवेलं जास्तीची घेऊन घराच्या मागे रचून ठेवा, नंतर त्याच मापाचं मिळत नाही.

तणसाचं किंवा गवताचं छप्पर २ ते ५ वर्षांचं. तुमच्या कामाचं नाही, सोडून देऊ.

धाब्याचं सांगायला हवं, कारण बुलडाणा-अकोल्याकडे अजून खूप धाबी आहेत. तिकडे वर्षाला ७००-८०० मिलिमीटर पाऊस, इकडे गडचिरोली-गोंदियाला त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणून पूर्वेला उतरतं कवेलू आणि पश्चिमेला मातीचं सपाट धाबं. सागाच्या कड्या, त्यावर फळ्या किंवा पऱ्हाट्या, निंबाचा पाला आणि वरून माती. हे ५०-६० वर्षं जातं, उन्हाळ्यात आतून थंडगार असतं. त्याचा घात एकाच गोष्टीने होतो. गळलं की लोक वर आणखी माती टाकतात आणि जुनी खरवडत नाहीत. १० बाय १० फुटांच्या खोलीवर एक फूट मातीचा थर झाला तर ओली झाल्यावर तिचं वजन पाच टनांच्या आसपास जातं. चार दिवस झड लागली की अशी धाबी रात्री बसतात आणि खाली माणसं झोपलेली असतात. कोणाच्या घरी धाबं असेल तर नवी माती टाकायच्या आधी तेवढीच जुनी काढा, हे मी हात जोडून सांगतो.

आता टिन. घरकुलाचे पैसे स्लॅबपर्यंत पुरत नाहीत, म्हणून गावागावांत टिन दिसतं. दुकानात पत्रा घेताना लोक भाव विचारतात, जाडी विचारत नाहीत. ०.३५ मिलिमीटरचा हलका पत्रा १०-१२ वर्षांत खिळ्यांच्या भोकांपाशी गंजतो. अर्धा मिलिमीटरचा, जस्ताचा किंवा जस्त-ॲल्युमिनियमचा चांगला थर असलेला पत्रा २५ वर्षं जातो. गुरांच्या कोठ्यावर मात्र तोच पत्रा निम्म्या वयात जातो, कारण शेण-मुताच्या वाफेतला अमोनिया खालून जस्त खातो. भोक पत्र्याच्या उंच घडीवर पाडायचं, रबरी वायसरचा स्क्रू लावायचा. खोलगट भागात भोक पडलं की पाणी तिथूनच उतरतं. टिनाचा खरा वैरी मे महिन्यातलं वावधन आहे. वारा छपराखाली शिरून पत्रा उचलतो. वर नुसता दगड ठेवून पत्रा दाबलेला असेल तर तो पत्राही जातो आणि दगडही कोणाच्या डोक्यावर येतो. खालचा लोखंडी पाइप भिंतीत काँक्रीटने जखडलेला पाहिजे.

सिमेंटचे पत्रे ३० वर्षं जातात, गंजत नाहीत. पण ठिसूळ असतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हा कित्येक घरांवर त्यांची चाळणी झालेली मी पाहिली. यातल्या बऱ्याच पत्र्यांत अस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात गेली की कर्करोगाचा धोका असतो. कापायचे, फोडायचे असतील तर ओले करून आणि बारीक धूळ अडवणारा मास्क लावूनच, नुसतं फडकं बांधून नाही. आणि त्यावर कधीही सरळ पाय देऊ नका. फळी टाकून चाला.

स्लॅबबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण लोकांना वाटतं स्लॅब पडला की जन्माची चिंता मिटली. नीट घातलेला स्लॅब ५०-६० वर्षं जातो. आमच्या स्वतःच्या घराचा १५ वर्षं गेला. २००४ च्या मे महिन्यात बाबांनी एका ठेकेदाराकडून घालून घेतला होता. २०१९ च्या पावसाळ्यात आई दुपारी बाजेवरून उठून चुलीपाशी गेली आणि मागे उशीवर ताटाएवढा पोपडा पडला. मी स्टुलावर चढून वर पाहिलं. सळाख उघडी पडली होती आणि नखाने खरवडली तर तिचे पापुद्रे निघत होते, कांद्यासारखे. सळाख गंजली की फुगते, दुप्पट-तिप्पट जागा मागते आणि खालचं सिमेंट फोडून बाहेर येते.

कारणं सगळी पहिल्या आठवड्यातली होती. सळाखी सेंट्रिंगवर तशाच टेकवल्या होत्या, खाली ठोकळे दिले नव्हते. सळाखीखाली निदान २० मिलिमीटर काँक्रीट पाहिजे, तिथे प्लास्टरच होतं. माल सरसर पसरावा म्हणून पाणी ओतलं होतं. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला ३० लिटरच्या वर पाणी गेलं की वाळल्यावर आत बारीक भोकं राहतात आणि ओल त्यातूनच सळाखीपर्यंत जाते. आणि विहिरीला पाणी नव्हतं म्हणून चार दिवसांत पाणी मारणं बंद केलं. आपल्याकडे मेमध्ये ४५ अंशांच्या उन्हात स्लॅब १४ दिवस भिजत ठेवला पाहिजे, मातीची आळी करून त्यात पाणी उभं केलं पाहिजे. पाण्याची सोय नसेल तर स्लॅब दिवाळीनंतर घाला. हे मी प्रत्येक घरमालकाला सांगतो, अन् लग्नाच्या आधी घर झालं पाहिजे म्हणून प्रत्येकाला मेच हवा असतो.

अशा गंजलेल्या स्लॅबला खालून पुन्हा प्लास्टर मारून घेऊ नका, दोन वर्षांत तेही पडतं. सैल भाग पूर्ण फोडायचा, सळाख घासून चकाकेपर्यंत साफ करायची, गंजरोधक लावून मग पॉलिमरचा माल भरायचा. सळाख बारीक झाली असेल तर स्लॅब उतरवणं हाच मार्ग. आम्ही उतरवला.

तुमच्या गावात काळी माती असेल तर आणखी एक. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पायवा मुरमापर्यंत नेला नसेल तर भिंती वर-खाली होतात आणि उत्तम घातलेल्या स्लॅबलाही तडे जातात. कवेलूला हे हलणं सोसतं, स्लॅबला सोसत नाही.

आता तुमच्या घराचं. जुन्या मातीच्या भिंतींवर स्लॅब घालू नका, कोणी कितीही भरवसा दिला तरी. १० बाय १० वर ४ इंचाचा स्लॅब म्हणजे सव्वादोन टनांहून जास्त वजन, ते या भिंतींसाठी नाही. स्लॅब हवा असेल तर घर पायव्यापासून नवीन होईल, तो वेगळा खर्च आहे. कवेलू तसंच ठेवायचं तर दरवर्षी वर चढणारं माणूस पाहिजे आणि वडिलांना या वयात चढू देऊ नका. लाकूड चांगलं असेल तर माझा सल्ला, नव्या पट्ट्या मारून मंगलोरी कवेलू घाला. लाकूड गेलं असेल तर लोखंडी पाइपवर अर्ध्या मिलिमीटरचं टिन आणि खाली बांबूच्या तट्ट्याची छत, नाहीतर उन्हाळ्यात आई-वडिलांना घरात बसवणार नाही.

लाकूड कसं आहे हे तुम्ही स्वतः बघू शकता. दिवाळीला घरी जाल तेव्हा टॉर्च आणि मोठा पेचकस घ्या. फाटा मधोमध बघून उपयोग नाही, तो कुजतो भिंतीत शिरतो तिथे आणि वळचणीला. तिथे पेचकस दाबा. नुसता ओरखडा उठला तर लाकूड जिवंत आहे. अर्धा इंच सहज आत गेला आणि भुसा सांडला तर तो फाटा गेला. अशा फाट्यांवर खडूने खूण करत चला आणि मोजा. चारात एकापेक्षा कमी निघाले तर तेवढेच बदलून मंगलोरी कवेलू होऊन जाईल, काम मार्चमध्ये काढा.