जुन्या पेंटियम मदरबोर्डवर रॅम वाढवण्याआधी

मदरबोर्डवर २५६ एमबी रॅम बसते, एवढ्यावरून ती सगळी कॅशेच्या (वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणाऱ्या छोट्या, वेगवान मेमरीच्या) कक्षेत येते असे कृपया गृहीत धरू नका. या दोन मर्यादा वेगळ्या असतात आणि नवशिक्यांची फसगत नेमकी येथेच होते. इंटेलच्या १९९७ सालच्या ४३०टीएक्स चिपसेटवर (प्रोसेसर आणि रॅम यांना जोडणाऱ्या चिपांच्या संचावर) २५६ एमबीपर्यंत रॅम चालते, पण बोर्डावरील एल२ (दुसऱ्या स्तराची) कॅशे केवळ पहिल्या ६४ एमबीसाठीच काम करते. विंडोज ९५ आणि ९८ वरच्या पत्त्यांकडील रॅम आधी वापरत असल्यामुळे, ६४ एमबीपुढे रॅम वाढवल्यावर संगणक उलट मंदावू शकतो. इंटेलच्याच ४३०एचएक्स चिपसेटवर कॅशेची ही मर्यादा ५१२ एमबीपर्यंत जाते, मात्र त्यासाठी टॅग (कॅशेतील माहिती रॅममधील कोणत्या पत्त्याची आहे याची नोंद) ८ ऐवजी ११ बिटांचा लागतो, आणि त्याची जादा चिप प्रत्येक बोर्डावर बसवलेली नसते.

म्हणून बोर्डावर छापलेला मॉडेल क्रमांक व आवृत्ती आधी टिपून घ्या, उत्पादकाच्या पुस्तिकेत ‘कॅशेबल मेमरी’चा उल्लेख शोधा आणि तो चिपसेटच्या डेटाशीटशी (तांत्रिक माहितीपत्रकाशी) ताडून पाहा. पुस्तिकेत केवळ ‘कमाल मेमरी’ दिली असेल, तर माझ्या मते डेटाशीटच प्रमाण मानावी. एचएक्स बोर्ड असल्यास टॅग चिपचा सॉकेट रिकामा आहे का, हेही डोळ्यांनी तपासा.