चाळीस स्लाइड आणि तीन पट्ट्या

प्रश्न : मी कृषी सहायक आहे. ग्रामसभेत गावाच्या पाण्याच्या ताळेबंदावर बोलायचं आहे. नकाशे, आलेख घालून 40 स्लाइड केल्यात. सभा सकाळी देवळापुढच्या मंडपात असते. ऊस कमी करा म्हटलं की लोक हसतात. सादरीकरण परिणामकारक कसं करू?
— एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : ताई, सकाळच्या उजेडात मंडपात प्रोजेक्टर लावलात तर पडद्यावर फक्त पांढरा चौकोन दिसेल. लाईट गेली तर तोही नाही. लॅपटॉप घरीच राहू द्या.

मी कृषी विस्तारातच नोकरी केली. ग्रामसभेत आलेख वाचणारे दोघंच असतात, ग्रामसेवक आणि शाळेचे गुरुजी, हे तिथेच कळलं. पण पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात ना? मग तो खऱ्या मापातच दाखवा. तुमच्या महसूल मंडळाचा सरासरी पाऊस 600 मिलिमीटर धरू; खरा आकडा तुमच्याकडे असेलच. निळ्या कापडाची 60 सेंटीमीटरची पट्टी कापा. ज्वारीला लागणाऱ्या पाण्याची साधारण 50 सेंटीमीटरची. उसाची 2 मीटरची. ऊस दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी पितो. मंडपाच्या आडव्या बांबूला तिन्ही शेजारी-शेजारी टांगा, वरची टोकं एका रेषेत. मागच्या रांगेतल्या आजीलाही चष्म्याशिवाय दिसेल.

पण तिन्ही एकदम टांगू नका. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगणारे कलावंत, कसं करतात? चित्रांची अख्खी पोथी जवळ असते, पण समोर एकच चित्र. त्याचा प्रसंग गाऊन-सांगून झाला की ते बाजूला, मग दुसरं. (याच कलेसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली.) तुम्हाला शेवटी तुलना हवी, म्हणून पट्ट्या राहू द्या, पण एकेक करून सोडा. पाऊस सोडलात की गप्प राहा, लोकांना पाहू द्या. मग ज्वारी. उसाची पट्टी खाली येत असताना काहीही बोलू नका.

'घनमीटर' हा शब्द भाषणातून काढा. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी, म्हणजे एक मोठा टँकर. 600 मिलिमीटर म्हणजे हेक्टरी 600 टँकर. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या बायकांना हा हिशोब आधी कळेल. त्यांना पुढे बसवा.

तक्ता केलाच तर एकच करा, अक्षरं दोन-अडीच इंची. आदल्या दिवशी मंडपाच्या टोकाला उभं राहून स्वतः वाचून बघा. त्यावर लिहिलेलं पुन्हा मोठ्यानं वाचू नका, लोकांना डोळे आहेत. मातीचे नमुने हातोहात फिरवायचे असतील तर भाषण संपल्यावर. मध्येच फिरवलेत तर सभा मातीकडे बघते.

एखादा ठिबकवाला शेतकरी हमखास उठेल आणि म्हणेल, "मॅडम, माझ्या उसाला एवढं लागत नाही." त्याच्याशी वाद घालू नका, त्याला पुढे बोलवा. पट्टी किती दुमडायची ते त्यालाच ठरवू द्या. निम्मी दुमडली तरी एक मीटर उरते. मग पावसाची पट्टीही त्याच्याच हातानं दुमडून घ्या, कारण पडलेलं सगळं पाणी काही पिकाला मिळत नाही. काही वाहून जातं, काही उडून जातं. किती दुमडायची यावर सभेत भांडण झालं तर होऊ द्या, त्याच भांडणासाठी सभा बोलावली आहे.